फणसाच्या टेबलाला कुठलं तेल

माझ्या सासऱ्यांनी सारी हयात उभ्यानं स्वयंपाक केला आणि सासूबाईंनी बसून. मामंजी आगबोटीवर भंडारी होते. भंडारी म्हणजे इथं जात नव्हे; बोटीवर खलाशांचं जेवण रांधणाऱ्याला भंडारी म्हणतात. वर्षाचे दहा-अकरा महिने ते एडन, मोंबासा, रंगून अशी बंदरं करत फिरायचे आणि उरलेला वेळ रत्नागिरीला घरी येऊन पाहुण्यासारखे ओटीवर बसायचे. त्या दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं सासूबाईंना खपत नसे. "बोटीवर काय तां करा. हितं माझी चूल हाय," एवढ्यावर विषय संपायचा.

मी लग्न होऊन मंडणगडच्या डोंगरातून या समुद्राकाठच्या घरात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी मामंजी नोकरी संपवून कायमचे घरी आले. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. घरात आम्ही चारच माणसं: ते दोघं, मी आणि माझे यजमान. यजमान कचेरीत कारकून. घरात वाद सुरू झाला की ते छत्री उचलायचे आणि कचेरीची वेळ झाली म्हणायचे. रविवारीसुद्धा.

मामंजी घरी आले आणि सासूबाईंचे गुडघे गेले. दोन्ही एकाच पावसात. चुलीपुढे बसायचं, विळीवर बसायचं, पाट्याशी बसायचं, जात्याशी बसायचं. बाईमाणसाच्या स्वयंपाकात चालणं कमी आणि बसणं-उठणंच फार. सासूबाई बसायच्या कशाबशा, पण उठायचं म्हटलं की एका हातानं खांब आणि दुसऱ्या हातानं मी. एकदा भाद्रपदात त्या बसल्या त्या उठेचनात. मी मागून काखेत हात घालून ओढतेय, त्या मला शिव्या घालताहेत, चुलीवर पेज उतू जातेय, आणि ओढता ओढता मीच पाठीवर पडले. मग आम्ही दोघीही जमिनीवर बसून हसत सुटलो. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं, ते मला कळलं नाही.

नेमके त्याच वेळी थोरले भावोजी गणपतीसाठी मुंबईहून आले होते. ते गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि घरीसुद्धा शिफ्ट लावल्यासारखेच बोलायचे. त्यांनी ते दृश्य दारातून पाहिलं आणि जेवताना जाहीर करून टाकलं, "शिमग्याला येईन तेव्हा आईला मुंबईला घेऊन जाईन. तिथे नळ आहे, डॉक्टर आहे. आता तिनं फक्त बसून खायचं."

"मेल्या, बसताच येत नाय ना!" सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. ते पानावरून उठले, अंगणात गेले आणि आभाळाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, पावसाचा अंदाज घेताहेत. जन्मभर बोटीवर काढलेल्या माणसाला आभाळाकडे बघायला कारण लागत नाही.

भावोजी गेले, आणि लगेच मामंजींनी माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या खाली काढल्या. त्या कुठल्याशा जुन्या हौसेतून झोपाळ्यासाठी ठेवलेल्या होत्या आणि चांगल्या वाळल्या होत्या. हळदीसारखं पिवळं लाकूड, चार बोटं जाड. मामंजींनी सुताराला बोलावून सांगितलं, टेबल करायचं. बोटीच्या भटारखान्यात कोणी खाली बसत नाही. टेबलाशी उभं राहायचं, तिथेच चिरायचं, तिथेच मळायचं, शेजारी शेगडी ठेवायची. गुडघ्यांना कामच नाही.

सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. "उभ्यानं कोन रांधतंय? घोड्यावर बसून जेवाल काय उद्या?" म्हणाल्या. तेव्हापासून शेवटपर्यंत त्या टेबलाला घोडाच म्हणत.

घोडा तयार झाला. मामंजींनी माप आपल्या कमरेचं दिलं होतं. मामंजी ताडमाड, सासूबाई त्यांच्या कोपराला जेमतेम लागणाऱ्या. त्या टेबलापलीकडे उभ्या राहिल्या तर आम्हाला त्यांचं कुंकू आणि नाक तेवढं दिसलं. "ह्याच्यावर रांधू काय टांगून घेऊ?" असा आवाज पलीकडून आला. सुतारानं पाय कापले. एक जास्त कापला गेला म्हणून बाकीचे तीन पुन्हा कापले. शिवाय मामंजींनी टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंच पट्टी ठोकून घेतली होती. का, तर वादळात बोट कलली तरी भांडी खाली पडायला नकोत. आमचं घर गेल्या दोन पिढ्यांत कुठल्याच वादळात कललेलं नव्हतं, पण हे त्यांना सांगणार कोण? पट्टी तशीच राहिली.

जाता जाता सुतार म्हणाला, "लाकूड उघडं ठेवू नका. कायतरी तेल पाजा. नायतर हळद, मसाला, माशाचं पानी सगळं पिऊन बसंल." कुठलं तेल, ते तो बोलला नाही. एवढं एक वाक्य टाकून तो आपली हत्यारं घेऊन निघून गेला, आणि आमच्या घरातला शांततेचा काळ संपला.

आता आमच्या बाजूला तेलं काय कमी? नारळाचं खोबरेल, उंडीच्या बियांचं उंडेल, करंजाचं करंजेल, होड्यांना लावायचं मुशी माशाचं तेल, काजूच्या सालीचं तेल, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि प्रत्येक माणसाचं मतही. वाडीतली माणसं आमच्या दारावरून जाता जाता थांबायची, टेबलावर टिचकी मारायची आणि आपल्या तेलाचं नाव सांगून जायची. विचारलेलं नसतानाही सल्ला देण्यात आमच्या लोकांचा हात कोण धरणार!

मीही तोंड उघडलं. म्हटलं, "आमच्याकडे भाकरीच्या काठवटीला कोकमाचं तेल लावतात." काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात.

मामंजींनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की काय सांगू. "सूनबाई, तां टाचांना लावायचां तेल. डोंगरात ठीक हाय. ह्यां दर्याकाठचां लाकूड."

लाकूड होतं आमच्या परसातल्या फणसाचं. त्यानं समुद्राचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण मी गप्प बसले, कारण माहेराची गोष्ट सासरी दुसऱ्यांदा काढायची नसते, एवढं शहाणपण मला एव्हाना आलं होतं.

पहिला मान खोबरेलाचा. तो सासूबाईंनी घेतला. स्वतःच्या चुलीजवळ दुसऱ्या कोणाचं तेल त्या येऊ देणार नव्हत्या. वाटी भरून ओतलं आणि डोक्याला चोळावं तसं टेबलाला चोळलं. टेबल काय सुंदर दिसलं! सोन्यासारखं. वाडीतल्या बायका बघून गेल्या. पण खोबरेल काही सुकणारं तेल नव्हे. ते लाकडात बसलं आणि बसल्या जागी खवट झालं. आधी मुंग्या आल्या. पट्टीच्या आतून त्यांनी गस्त सुरू केली. मग वास यायला लागला. मळलेल्या पिठाला वास, चिरलेल्या भाजीला वास, माझ्या हातांना वास. यजमान एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "आज भाकरी कोणी न्हायलेल्या केसांनी केलीय का?" आणि छत्री घेऊन निघाले.

मी राख आणि नारळाची सोडणं घेऊन टेबल घासून काढलं. मामंजी ओटीवरून बघत होते. त्यांची पाळी आली होती, आणि तोंडावरून वाटत होतं की ते याचीच वाट बघत होते.

त्यांनी हर्ण्याहून येणाऱ्या एका होडीच्या तांडेलाकरवी बुधला मागवला. बुधल्यात मुशीच्या काळजाचं तेल. होड्यांना आतून-बाहेरून हेच लावतात आणि त्यानं होडी वर्षानुवर्षं टिकते, यात काही खोटं नाही. पण होडी समुद्रात असते आणि टेबल माझ्या नाकाखाली. मामंजींनी धोतर खोचलं, पोतेऱ्याचा बोळा केला आणि होडी उपडी घालून लावावं तसं भरघोस तेल लावलं. वरून, खालून, पायांना, त्या वादळाच्या पट्टीलासुद्धा.

आम्ही मासे खाणारी माणसं. सुकटाच्या वासानं आम्हाला भूक लागते. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहवेना. सासूबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "माझ्या चायत मुशी कुठनं आली?" मामंजी म्हणाले, दोन दिवसांत वास उडेल. वास उडाला नाही, मांजरं आली. आधी शेजारची बोकी, मग मिरकरवाड्याच्या बंदराकडून एकेक पाहुणे. सकाळी दार उघडलं तर टेबलावर सात-आठ मांजरं ओळीनं बसून टेबल चाटताहेत, आणि मधोमध एक म्हातारा कानफाट्या बोका पंक्तीच्या यजमानासारखा. पट्टीचा उपयोग काय, ते तेव्हा कळलं. एवढ्या गर्दीत एकही मांजर खाली पडलं नाही.

सासूबाई बाहेरून काठी आपटत ओरडत होत्या आणि मांजरं त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हती. शेवटी मीच केरसुणी घेऊन आत घुसले. मामंजी मात्र अंगणातून म्हणाले, "लाकडाला गुण आलाय बगा. मांजर खराब लाकडावर बसत नाय." हे शास्त्र ते कुठल्या बंदरात शिकले होते कोण जाणे.

पुन्हा राख, पुन्हा सोडणं, वर सोड्याचं गरम पाणी. माझी नखं पांढरी पडली. आणि या सगळ्या काळात सासूबाई चुलीपुढे जमिनीवरच बसत होत्या, कारण घोडा रोज आजारी. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, थंडी पडली, आणि थंडीत त्यांचे गुडघे जास्तच धरले. उठताना आता त्या मला शिव्याही घालत नव्हत्या. मला ते फार लागलं. शिव्या घालणारी सासू परवडते, ओठ दाबून उठणारी बघवत नाही.

तिसरं तेल उंडेल. ते कोणी सुचवलं ते आठवत नाही, बहुधा सगळ्यांनीच. हिरवट, दाट, दिव्याला जाळायचं तेल. मामंजींनी या खेपेला डोकं चालवून थोडंच लावलं. वास फार नव्हता. रंग छान गडद आला. आम्हाला वाटलं, सुटलो. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा घोड्याशी उभ्या राहिल्या. आधी मला बाहेर काढलं, मग दार लोटून घेतलं. लोकांदेखत उभ्यानं रांधायची लाज वाटत होती. तासाभरानं दार उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी माझा हात न धरता सबंध स्वयंपाक केला होता.

आम्ही जेवायला बसलो. यजमानांनी भाकरीचा घास घेतला आणि डोळे मिटले. मग मामंजींनी घेतला. मग मी. तांदळाची भाकरी कडू. कडू म्हणजे कारल्यासारखी नव्हे; कारल्याला निदान चव असते. टेबलावर थापलेल्या पिठानं उंडेल ओढून घेतलं होतं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मामंजींनी सबंध भाकरी खाल्ली, पाणी प्यायले आणि दुसरी मागितली. दुसरी भाकरी मागणारा तो पुरुष मला त्या क्षणी काय आवडला! पण सासूबाईंनी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला, थुंकला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जमिनीवर जाऊन बसल्या.

आता मामंजी इरेला पेटले. शिमगा दीड महिन्यावर आलेला. कोकणातला कुठलाही वासा, कुठलंही दार वाळवीपासून वाचवायला जे तेल लावतात, ते त्यांनी काढलं. काजूच्या सालीचं. मे महिन्यात बिया भाजल्या की सालीतून काळं, दाट तेल सुटतं. आमच्याकडे त्याची बाटली गोठ्यात टांगलेली असे. त्यानं लाकूड काळंभोर, चकचकीत, दगडासारखं होतं, हे खरं. ते तेल अंगाला लागलं तर बिब्यासारखं उततं, हेही वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. मामंजींनाही ते माहीत होतं. पण त्यांचं म्हणणं असं, की एडनच्या उन्हात भाजलेल्या कातडीला काजू काय करणार?

एडनच्या कातडीला काजूनं काय केलं ते सांगते. लावताना घाम आला, तो त्यांनी मनगटानं पुसला. कपाळ पुसलं, मान पुसली, मिशी पुसली. संध्याकाळपर्यंत तोंड लालबुंद. सकाळी उठले तेव्हा डोळे दिसत नव्हते. दोन्हींच्या जागी फुगलेल्या फटी. ओठ असे सुजले होते की बोलताना आधी ओठ हलायचे, मग शब्द यायचा. हातांवर फोड. यजमानांनी वडिलांकडे पाहिलं आणि या खेपेला छत्री न घेताच वैद्यांकडे धावले.

सासूबाई नारळाचं दूध काढून दिवसातून कितीदा तरी मामंजींच्या तोंडाला लावायच्या. लावताना तोंड सुरू. "येवडा म्हातारा झाला, अक्कल कुठल्या बंदरात इकून आला?" मामंजी निमूट पडून राहायचे. बोलता येत नव्हतं म्हणून असेल, किंवा नवऱ्याच्या तोंडाला बायकोनं हात लावण्याचा असा योग त्यांच्या आयुष्यात फार कमी आला होता म्हणूनही असेल.

एका दुपारी सासूबाई वाडीत गेल्या होत्या आणि मी मामंजींना पेज भरवत होते. सूज थोडी उतरली होती. मी म्हटलं, "मामंजी, पुरे झालं आता. टेबल नाही तर नाही. मी करते ना स्वयंपाक."

त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग त्या सुजऱ्या ओठांनी म्हणाले, "तू करशील गो. पण मंग तिला हितं काम काय? शिमग्याला तो येनार नि तिला घेऊन जानार. मी जन्मभर भायेर होतो. आता घरी आलो, तर ती चालली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी समजत होते की म्हाताऱ्याला रिकामपणाचा रोग झाला आहे. गणपतीतलं ते आभाळाकडे बघणं, हर्ण्याचा बुधला, ती कडू दुसरी भाकरी, सगळं या एका भीतीपोटी चाललं होतं. बायको चुलीशी उभी राहू शकली तर तिला नेणार कशाला, असा साधा हिशेब. मी म्हटलं, "हे तुम्ही आत्येंना सांगितलंत का?" (सासूबाईंना मी आत्ये म्हणत असे.)

"असलां काय बोलतात काय?" मामंजी म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

माझं डोकं फिरलं. सगळ्या बंदरांच्या भाषा येणारा हा माणूस, पण घरच्या बाईशी दोन शब्द बोलायचे तर फणसाच्या फळ्या लागतात. मी तशीच उठले आणि सुताराला बोलावणं पाठवलं. त्याला म्हटलं, हातांना फडकी गुंडाळ, पण या टेबलावर पुन्हा रंधा मार. पिवळं लाकूड दिसेपर्यंत थांबू नकोस. त्यानं चारही तेलं सोलून काढली. चार बोटं जाडीची फळी तीन बोटांवर आली. भुसा अंगणात लांब नेऊन पुरला. तरी कानफाट्या बोका ती जागा उकरायला आलाच.

मग मी कोणालाही न विचारता सासूबाईंच्या उशाशी असलेला कोकमतेलाचा गोळा घेतला. पांढरट, घट्ट, मेणासारखा. टेबल अंगणात उन्हात तापू दिलं. तेल वाटीत पातळ केलं आणि तळहातानं थोडं थोडं चोळलं. ओतलं नाही. लाकूड जेवढं प्यायलं तेवढं दिलं, उरलेलं रात्रभर थिजू दिलं आणि सकाळी कोरड्या फडक्यानं घासून पुसलं. पुन्हा ऊन, पुन्हा थोडं. असं आठवडाभर. माझी आई काठवटीला असंच करायची. त्यात काही मोठी विद्या नव्हती, घाई तेवढी करायची नव्हती. कोकमतेल आम्ही गरिबीत भातावरही घेतलेलं आहे, त्यामुळे पोटात गेलं तरी काही बिघडत नाही.

सासूबाईंनी टेबलावर पाणी शिंपडलं. थेंब गोळा होऊन बसले. नाक लावून वास घेतला. जीभ लावायलाही कमी केलं नाही. मग म्हणाल्या, "माझ्या टाचांचां तेल घोड्याच्या पाठीला लावलंस. आता मी भेगा कशानं भरू?" ही त्यांची पसंती होती. मामंजी सूज उतरलेल्या तोंडानं टेबलाभोवती फेऱ्या मारून आले. "दर्याकाठच्या लाकडाला चाललां म्हणायचां," म्हणाले. लाकूड अजूनही दर्याकाठचंच होतं.

त्या दिवसापासून सासूबाई उभ्यानं रांधायला लागल्या. दार उघडं ठेवून. मधेच दमल्या की टेबलावर कोपर टेकून उभ्या राहायच्या आणि वाटेनं जाणाऱ्या बायकांशी खिडकीतून बोलायच्या. चुलीपुढे बसून ही खिडकी त्यांना कधी दिसलीच नव्हती.

शिमग्याला भावोजी आले. आगबोटीतून पडावात आणि पडावातून मांडवीच्या धक्क्यावर. येताना परतीची दोन तिकिटं काढूनच आले होते. होळीच्या दिवशी सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या, सगळ्या उभ्यानं, टेबलावर लाटून. मामंजी दारात खुर्ची टाकून बसले होते. दर पोळीला भावोजींकडे बघायचे, बघ, म्हणून. एवढ्या अभिमानानं त्यांनी आपली बोटसुद्धा कोणाला दाखवली नसेल.

भावोजी पोटभर जेवले. टेबलाचं कौतुक केलं. वादळाची पट्टी पाहून हसले. मग हात पुसत म्हणाले, "झकास झालंय. पण गुडघे तेच आहेत ना? आताच मी बघितलं, पाटावर बसताना आईला किती त्रास झाला. टेबल सूनबाईला होईल. आई, मंगळवारची बोट आहे. पेटी भर."

मी मामंजींकडे पाहिलं. तीन तेलं लावली, तोंड सुजवून घेतलं, आणि एका वाक्यात सगळं पाण्यात. ते खुर्चीवरून उठले. मला वाटलं, पुन्हा अंगणात जाऊन आभाळाकडे बघणार. पण ते दारातच थांबले आणि भिंतीला हात टेकून म्हणाले, "तिला नेऊ नको रे."

भावोजींना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. बापानं काही मागितल्याचं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"मी घरी आलोय तां तिच्यासाठी आलोय," मामंजी म्हणाले. "ती नसंल तर माला ह्यां घर कशाला?"

सासूबाई टेबलाशी उभ्या होत्या. लाटणं हातात तसंच. त्यांनी आधी लेकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. सुटलाच, पण आवाज कापत होता.

"येवडी तेलां लावलीत, तोंड सुजवून घेतलांत, नि ह्या दोन शब्दांना तोंड नाय उगडलांत? मी इतके दिवस समजत होते, तुम्हाला चुलीची काळजी. पेटी कधीची भरून ठेवलीय मी."

खरंच होतं ते. माजघरात त्यांच्या जुन्या ट्रंकेत लुगडी घडी करून ठेवलेली होती, आणि ती घरात कोणालाच, मलासुद्धा, माहीत नव्हती. कोणी थांब म्हणालं नाही, म्हणून त्या निघायच्या तयारीला लागल्या होत्या.

भावोजी हळूच म्हणाले, "मग नको का येऊस?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पदराला पुसले आणि लाटणं टेबलावर आपटलं. "आवो, दारात काय उभे ऱ्हायलांत? आत या. उरलेल्या पोळ्या कोन लाटनार?"

मामंजी उंबरठ्याशी आले आणि थबकले. इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. मग त्यांनी पाय आत टाकला, बाह्या वर सारल्या आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. सासूबाईंनी पुरणाचा एक गोळा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पोळी लाटली, तव्यावर टाकली, उलटली, आणि फाटकी-तुटकी तीच पोळी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी उभ्या उभ्या एक घास खाल्ला. आम्ही सगळे बघत राहिलो.

"ह्यां खाऊन खलाशी जिवंत ऱ्हायले कसे?" त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.